सी ड्राइव्ह भरला, इन्स्टॉल केलेला सर्व्हर डी वर हलवायचाय. नुसतं कट-पेस्ट चालेल का?

केबलगुंता:
मंडळी, मदत हवीय. ऑफिसच्या आतल्या वापराचं एक वेब अ‍ॅप आहे, विंडोज सर्व्हर मशीनवर चालतं. ज्याने सेटअप केलं तो नोकरी सोडून गेला आणि जाताना सगळं सी वरच ठेवून गेला. अपाचे (वेब सर्व्हर) आणि पीएचपी झॅम्प या एकत्रित पॅकेजमधलं आहे, डेटाबेस मात्र मायएसक्यूएल ८, वेगळ्या इन्स्टॉलरने टाकलेला. सी आहे १२० जीबीचा, त्यात आता जेमतेम ३ जीबी उरलेत, विंडोजचं अपडेटसुद्धा अडकून पडलंय. १ टीबीची नवी एसएसडी लावलीय, डी म्हणून दिसतेय. माझा सरळ प्लॅन असा की सर्व्हिस बंद करायच्या, दोन्ही फोल्डर कट करून डी वर पेस्ट करायचे आणि परत चालू करायच्या. पण एक जण म्हणतो होईल आरामात, दुसरा म्हणतो हात लावू नको, सगळं नव्याने टाक. रविवारी अ‍ॅप बंद ठेवायची परवानगी मिळालीय. तुम्ही काय कराल?

रीस्टार्टकर:
एवढं टेन्शन कशाला. फोल्डर डी वर ने आणि जुन्या जागी जंक्शन बनव, म्हणजे नव्या जागेकडे वळवणारं नावापुरतं फोल्डर, कमांड एमकेलिंक स्लॅश जे. सॉफ्टवेअरला वाटतं आपण अजून सी वरच आहोत. पाच मिनिटांचं काम. पॉवरशेलमध्ये टाइप करून "कमांडच सापडत नाही" म्हणून परत येऊ नको, ती साध्या कमांड प्रॉम्प्टच्या पोटातली कमांड आहे.

डेटाआजोबा:
आधी एक सांगा, जागा खाल्लीय कोणी? प्रोग्रॅमने की डेटाने? हे न बघता सगळे हलवायच्या गप्पा मारतात. मायएसक्यूएलचा प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असतो, तो असून असून किती मोठा असणार. डेटा असतो 'प्रोग्रॅमडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये आणि ते लपवलेलं असतं, एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स चालू केल्याशिवाय दिसतच नाही. दोन्हीकडची साइज बघून इथे टाका, मग बोलू.

आणि कट अजिबात नको. कॉपी. मूळ जागेवरचं मूळ तसंच राहिलं पाहिजे.

केबलगुंता:
बघितलं. प्रोग्रॅमचं फोल्डर दीड जीबी पण नाही. डेटा ६१ जीबी!! आणि त्यातले ३८ जीबी तर "बिन" आणि मग ०००००० असल्या नंबरांच्या फाइलींचे आहेत, माझ्या मशीनच्या नावाने सुरू होणाऱ्या. झॅम्पमध्ये ॲक्सेस लॉग एकच फाइल, ९ जीबी. नोटपॅडने उघडायला गेलो तर मशीनच बसलं.

निळीशाई:
९ जीबीची फाइल नोटपॅडमध्ये, हिंमत आहे :) विंडोजवर अपाचे स्वतःहून लॉग कापत नाही, जन्मापासून एकाच फाइलमध्ये लिहीत बसतो. त्याच्याच बिन फोल्डरमध्ये रोटेटलॉग्ज नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, कॉन्फिगमधल्या कस्टमलॉगच्या ओळीत तो पाइप करून लावायचा. एरर लॉगलाही लावता येतो.

डेटाआजोबा:
बघा, निम्मा प्रश्न इथेच सुटला. त्या नंबरवाल्या फाइली म्हणजे बायनरी लॉग, डेटाबेसमध्ये झालेल्या बदलांच्या नोंदी. मायएसक्यूएल ८ मध्ये ते मुळातच चालू असतात आणि ३० दिवस ठेवले जातात, सेटिंग सेकंदांत असतं, २५९२०००. दुसऱ्या मशीनवर रेप्लिका, म्हणजे याच डेटाबेसची चालती प्रत, नसेल आणि बॅकअप नीट होत असेल तर एवढे दिवस ठेवायची गरज नाही. पण एक्सप्लोररमधून डिलीट मारू नका! त्यांची एक इंडेक्स फाइल असते, हाताने फाइली उडवल्या की इंडेक्स वेगळं सांगतो आणि डिस्कवर वेगळं असतं. डेटाबेसमध्ये लॉगिन करून पर्ज बायनरी लॉग्जची कमांड द्या, तारीख सांगून. इंडेक्स तो स्वतः सांभाळतो.

आता हलवायचं. माझं मत स्पष्ट आहे, प्रोग्रॅम आहे तिथे राहू दे, फक्त डेटा हलवा. इन्स्टॉलरने टाकलेला प्रोग्रॅम म्हणजे नुसतं फोल्डर नसतं. सर्व्हिसची नोंद रजिस्ट्रीत असते, त्यात एक्झीचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, अनइन्स्टॉल आणि अपडेट करणाऱ्याकडे वेगळी नोंद असते, कुठे पाथ व्हेरिएबलमध्ये असतो. एक्झी उचलून नेली की हे सगळे जुन्या पत्त्यावर पत्र टाकत बसतात. दीड जीबीसाठी एवढा उपद्व्याप कशाला. डेटा कुठे ठेवायचा हे मात्र माय डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधली डेटाडिर ही एक ओळ ठरवते, तिथे बदल करणं हा त्यांचाच दिलेला रस्ता आहे.

रीस्टार्टकर:
मग जंक्शनने काय बिघडतं? ती ओळही बदलायला नको.

डेटाआजोबा:
आज काही बिघडत नाही, पुढे बिघडतं. तुम्ही गेल्यावर जो येईल त्याला सी वर फोल्डर दिसतं, साइज ६० जीबी दिसते, तो जागा करायला म्हणून ते साफ करतो आणि साफ होतं डी वरचं. बॅकअपवाल्या काही प्रोग्रॅमना जंक्शन ओलांडायचं की नाही हे कळत नाही, एकतर डेटा दोनदा घेतात नाहीतर घेतच नाहीत. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या कमांडलासुद्धा जंक्शन वगळायला सांगावं लागतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पाथ बदलायची सोयच नाही तिथे जंक्शन करा, माझी ना नाही. इथे सोय आहे.

रीस्टार्टकर:
बरं आजोबा. पण तातडीने जागा हवी असेल तर मी तेच करणार.

पेंग्विनप्रेमी:
लिनक्सवर असतात तर हा धागाच निघाला नसता.

निळीशाई:
आलाच हा. लिनक्सवर डेटाडिर बदलून अपआर्मरच्या (कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या फोल्डरला हात लावायचा ते ठरवणारी सुरक्षा) नावाने डोकं धरून बसलेले कमी बघितलेत का आम्ही?

पेंग्विनप्रेमी:
ते खरंय :) उबुंटूवर परवानग्या सगळ्या बरोबर असतात, मालक बरोबर असतो, तरी परमिशन डिनाइड, एरर १३. कारण अपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये जुनाच पाथ. त्याच्या ट्यूनेबल्स फोल्डरमधल्या एलियस फाइलमध्ये जुना पाथ नव्याकडे वळवायची एक ओळ टाकायची आणि अपआर्मर रीलोड करायचा. रेड हॅटच्या घराण्यात तीच गंमत एसईलिनक्स करतो, तिथे नव्या फोल्डरला मायएसक्यूएलचं लेबल सीमॅनेजने लावून रिस्टोरकॉन चालवायचं. आणि मारियाडीबीचा डेटा होम फोल्डरच्या आत टाकायला जाऊ नका, सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये प्रोटेक्टहोम लावलेलं असतं, सर्व्हिसला होम दिसतच नाही.

अजून एक, खरा घात करणारं. नवी डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने टाका, एसडीबी वगैरे नावाने नको, नावं बूटला बदलू शकतात. आणि डिस्क माउंट झालीच नाही तर सर्व्हिस सुरूच होऊ नये अशी सोय करा, सर्व्हिसमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर लिहून. नाहीतर एखादा प्रोग्रॅम रिकाम्या माउंट पॉइंटवर खुशाल नवा डेटा लिहायला लागतो आणि तो पडतो जुन्याच डिस्कवर. नंतर डिस्क माउंट केली की तो डेटा तिच्याखाली झाकला जातो आणि सगळे शोधत बसतात.

केबलगुंता:
हे सगळं वाचून घाबरलो होतो पण माझं विंडोज आहे म्हणून सुटलो :) आजोबा, मग क्रम सांगाल का? आणि झॅम्पचं काय, ते पण तिथेच ठेवू?

निळीशाई:
झॅम्पचं मी सांगते. त्याची गोष्ट वेगळी आहे, ते मुळातच उचलून नेता येईल असं बनवलंय. कंट्रोल पॅनल अ‍ॅडमिन म्हणून उघड, अपाचे थांबव, डावीकडच्या पहिल्या कॉलममधल्या हिरव्या खुणेवर क्लिक करून सर्व्हिस काढून टाक. हे विसरलास तर सर्व्हिस जुन्याच एक्झीला धरून राहील. मग पूर्ण फोल्डर डी वर कॉपी कर, थेट डी च्या मुळाशी, कुठल्या आतल्या फोल्डरात नको. तिथलं सेटअप झॅम्पचं बॅच चालव, ते कॉन्फिगमधले पाथ नव्या जागेचे करतं. नंतर नव्या कंट्रोल पॅनलमधून सर्व्हिस परत लाव.

पण बॅचवर पूर्ण विसंबू नको. तुझ्या आधीच्या माणसाने हाताने भर घातलेल्या ओळी असणार, व्हर्च्युअल होस्ट, एलियस, सर्टिफिकेटचे पाथ, पीएचपी आयएनआयमध्ये एक्स्टेंशनचं फोल्डर, सेशनचं फोल्डर, अपलोडचं टेम्प फोल्डर, एरर लॉग. फाइंडस्ट्र ही फाइलींत मजकूर शोधायची कमांड वापरून अपाचेच्या आणि पीएचपीच्या कॉन्फिगमध्ये सी कोलन शोध, सरळ स्लॅशचं पण आणि उलट्या स्लॅशचं पण, कारण लोक दोन्ही लिहितात. मग एचटीटीपीडी ला मायनस टी देऊन चालव, सिंटॅक्स ओके आलं तरच सर्व्हिस सुरू कर.

आणि फायरवॉल! हे कुणाच्या लक्षात येत नाही. विंडोज फायरवॉलचा नियम प्रोग्रॅमच्या पाथवर असेल तर एक्झी डी वर गेली की नियम तिला लागू होत नाही. सर्व्हरवर बसून लोकलहोस्ट मस्त उघडतं आणि शेजारच्या टेबलावरून काहीच नाही. नियम नव्या पाथचा कर किंवा पोर्टचा कर. अँटिव्हायरसमध्ये फोल्डर वगळलेलं असेल तर तेही नव्याने.

नुसताच_वाचक:
वाखुसा (वाचनखूण साठवली). विचारायचं होतं, माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे, तिथेही असंच?

डेटाआजोबा:
तिथे प्रोग्रॅमची जागा इन्स्टॉल करताना ठरते, नंतर ती बदलायची सोय नाही, बदलायचीच तर काढून परत टाका. डेटाबेसच्या फाइली मात्र हलतात. अल्टर डेटाबेस मॉडिफाय फाइलने नवा पाथ द्या, डेटाबेस ऑफलाइन करा, फाइल कॉपी करा, ऑनलाइन करा. ऑनलाइन करताना एरर ५ आला तर समजा सर्व्हिसच्या खात्याला नव्या फोल्डरवर हक्क नाही. टेम्पडीबीची फाइल कॉपी करायची नाही, पाथ बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली की नव्या जागी ती नव्याने बनते, जुनी तेवढी हाताने उडवा. मास्टर हलवायचा असेल तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधले स्टार्टअप पॅरामीटर बदलावे लागतात, गरज नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बाकी वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

केबलगुंताराव, तुमचा क्रम. शनिवारी पूर्ण डंप काढा, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवून घ्या, सगळे डेटाबेस, रूटीन आणि इव्हेंटसकट, डी वर ठेवा, आणि एक प्रत तिसरीकडे. जुने बिनलॉग पर्ज करा. रविवारी सर्व्हिस नीट थांबवा, टास्क मॅनेजरमधून मारू नका. चालू डेटाबेसच्या फाइली कॉपी केल्या तर कॉपी पूर्ण होते पण आतला डेटा आपसात जुळत नाही.

कॉपी पूर्ण डेटा फोल्डरची. पुष्कळ जण फक्त आपल्या डेटाबेसच्या नावाचं फोल्डर उचलतात आणि मग टेबल यादीत दिसतं पण उघडत नाही म्हणून रडतात. आयबीडेटा, रीडू लॉग, अनडू फाइली, मायएसक्यूएल नावाचा सिस्टमचा भाग, सगळं एकमेकांना बांधलेलं असतं. ८.०.३० पासून रीडू लॉग वेगळ्या उपफोल्डरमध्ये असतात, नावाच्या सुरुवातीला हॅशची खूण आहे म्हणून फालतू समजून सोडू नका.

रोबोकॉपी वापरा, स्लॅश ई आणि स्लॅश कॉपीऑल. स्लॅश एमआयआर नको, जिथे कॉपी करताय तिथे जास्तीचं काही असेल तर ते उडवतं. आर आणि डब्ल्यू पण द्या, कारण न सांगता ते अडलेल्या एकेका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. रविवार संपेल.

मग माय डॉट आयएनआय. डेटाडिरची ओळ सोडून दुसरं काही बदलू नका, विशेषतः लोअर केस टेबल नेम्स. ते सुरुवातीला ठरलेल्यापेक्षा वेगळं दिसलं तर ८ सुरूच होत नाही. सेव्ह करताना एन्कोडिंग एएनएसआय ठेवा. यूटीएफ मध्ये बीओएमसकट सेव्ह झाली तर पहिल्याच ओळीला ग्रुप सापडत नाही म्हणून तक्रार येते. आणि नव्या फोल्डरच्या सिक्युरिटीत नेटवर्क सर्व्हिस या खात्याला फुल कंट्रोल आहे का ते डोळ्याने बघा.

केबलगुंता:
रोबोकॉपी म्हणतंय मॅनेज ऑडिटिंग युजर राइट नाही???

रीस्टार्टकर:
प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघड. कॉपीऑलमध्ये ऑडिटिंगची माहितीपण येते, तिला तो हक्क लागतो.

केबलगुंता:
झालं, कॉपी पूर्ण. डेटाडिर बदलली, परवानगी पण बघितली, नेटवर्क सर्व्हिस आहे, फुल कंट्रोल आहे. तरी सर्व्हिस सुरू करतो तर १०६७, प्रोसेस टर्मिनेटेड अनएक्सपेक्टेडली. एरर लॉग बघितला, त्यात शेवटची ओळ सकाळी बंद केल्याचीच, पुढे काहीच नाही. अ‍ॅप बंद आहे आणि साहेबांचा एक फोन येऊन गेला.

डेटाआजोबा:
तो जुन्या फोल्डरमधला एरर लॉग. त्या फाइलचा पाथ डेटाडिरच्या हिशेबाने असतो, म्हणजे नवीन काही लिहिलं तर डी वर लिहिलं जाणार. तिथे बघा.

केबलगुंता:
डी वर जी आहे ती कॉपी होऊन आलेलीच, तिलाही नवीन ओळ नाही.

डेटाआजोबा:
म्हणजे त्याला फोल्डरच सापडलं नाही. सर्व्हिसचा नाद सोडा, अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमधून मायएसक्यूएलडी थेट चालवा, डिफॉल्ट्स फाइलचा पर्याय सगळ्यात आधी आणि मागे कन्सोल. एरर स्क्रीनवर येईल. तो आणि तुमची डेटाडिरची ओळ, दोन्ही इथे टाका.

केबलगुंता:
एरर असा की डी कोलन, मग एक मोकळी जागा, मग "erverdata" (एर्व्हरडेटा) अशा नावाचं फोल्डर सापडत नाही. माझ्या फोल्डरचं नाव सर्व्हरडेटा आहे, पुढचा एस कुठे गेला? ओळ मी एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतून जशीच्या तशी कॉपी केलीय, डी कोलन, उलटा स्लॅश, सर्व्हरडेटा.

निळीशाई:
उलटा स्लॅश!

डेटाआजोबा:
बरोबर. या फाइलमध्ये उलटा स्लॅश आणि एस मिळून स्पेस होतो. टी असेल तर टॅब, एन असेल तर नवी ओळ. फोल्डरचं नाव दुसऱ्या अक्षरावरून असतं तर कदाचित काहीच झालं नसतं, म्हणून लोकांना पटत नाही. सरळ स्लॅश लिहा, विंडोजवरही तो चालतो. नाहीतर उलटा स्लॅश दोनदा. सेक्युअर फाइल प्रिव्ह वगैरेच्या बाकी ओळी बघा, इन्स्टॉलरने स्वतः सरळच स्लॅश टाकलेले दिसतील.

केबलगुंता:
सुरू झाला!!! सरळ स्लॅश टाकला आणि पहिल्या फटक्यात. आजोबा कुठे आहात, पाया पडतो. लॉगिन करून डेटाडिर विचारलं तर डी दाखवतोय, शेवटच्या दिवसाच्या नोंदी दिसतायत. आता झॅम्प.

केबलगुंता:
झॅम्पचं ताईंनी सांगितलं तसंच केलं. बॅचने बहुतेक पाथ बदलले पण व्हर्च्युअल होस्टच्या फाइलमध्ये लॉगचा पाथ जुनाच होता, फाइंडस्ट्रमुळे सापडला. फायरवॉलचंही अगदी तेच झालं, सर्व्हरवर उघडतंय आणि बाहेर नाही, नियम बदलला. आता सगळं चालतंय फक्त जुन्या नोंदींना जोडलेल्या पीडीएफ उघडत नाहीत, नवीन जोडल्या तर उघडतात. कॉन्फिगमध्ये तर सी कुठेच उरलेलं नाही.

निळीशाई:
अटॅचमेंटचं टेबल बघ, कॉलममध्ये पूर्ण पाथ साठवलेला असणार, सी पासून. अशी अ‍ॅप्स खूप बघितलीत. आधी त्या टेबलचा वेगळा डंप घे, मग अपडेटमध्ये रिप्लेस वापरून सुरुवातीचा तुकडा बदल. त्याआधी त्याच अटीवर सिलेक्ट चालवून किती ओळी लागतात ते बघ. आणि इथेही उलटा स्लॅश असेल तर एसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये तो दोनदा लिहावा लागेल, लाइकमध्ये शोधत असशील तर चारदा. जमलं तर कोडमध्ये मुळाचा पाथ कॉन्फिगमधून घ्या आणि टेबलात फक्त फाइलचं नाव ठेवा, पुढच्या वेळी ही कटकट नको.

केबलगुंता:
झालं, उघडतायत. कोडचं सांगतो डेव्हलपरला, ऐकेल तेव्हा ऐकेल. सी वरची जुनी दोन्ही फोल्डरं उडवू का आता? जागा अजून तेवढीच भरलेली दिसतेय.

रीस्टार्टकर:
उडव की. डी वर चालतंय ना सगळं.

डेटाआजोबा:
आज नको. नाव बदला, पुढे जुना असं काहीतरी लावा. कुठली शेड्यूल्ड टास्क, कुठली बॅकअपची स्क्रिप्ट अजून जुन्या पाथला चिकटलेली असेल तर ती लगेच ओरडेल आणि तुम्हाला कळेल. नाव न बदलता तसंच ठेवलंत तर बॅकअप रोज रात्री यशस्वी होत राहील आणि घेत राहील जुना मेलेला डेटा. अपडेटसाठी जागा हवी असेल तर ९ जीबीचा तो लॉग आजच उडवा, त्याला कोणी विचारत नाही. मशीन एकदा पूर्ण रीस्टार्ट करून दोन्ही सर्व्हिस आपोआप येतात का तेही आजच बघा, सोमवारी सकाळी नको.

केबलगुंता:
रीस्टार्ट केलं, दोन्ही आल्या. नावं बदलली आणि खरंच, टास्क शेड्यूलरमध्ये रात्री दोनची एक बॅच निघाली, अटॅचमेंटचं फोल्डर सी वरून नेटवर्कवर कॉपी करणारी. हाताने चालवली तर पाथ सापडत नाही म्हणाली. ती डी वर वळवली. बिनलॉगची मुदत ७ दिवस केली, ६०४८००.

पेंग्विनप्रेमी:
रोटेटलॉग्ज लावलं का?

केबलगुंता:
आज रात्री लावतो. त्या ओळीत पाथला अवतरण चिन्हं लागतात का?

निळीशाई:
पाथमध्ये स्पेस नसेल तर आतली लागत नाहीत, पण पाइपपासून पुढची पूर्ण कमांड मात्र अवतरणात हवी. ८६४०० दे, म्हणजे रोज नवी फाइल. जुन्या फाइली ते स्वतः उडवत नाही, त्याची वेगळी टास्क लाव. आणि स्लॅश सरळ!